जागा बघायला आलेल्या बाई

प्रिय आई,

हे पत्र मी मुद्दाम हातानं लिहितेय. माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल, हे माहीत आहे. पण टाइप करायला बसले की मी एक वाक्य लिहिते आणि दोन पुसते. गेल्या अकरा महिन्यांत असं चार वेळा झालं. पुसून पुसून शेवटी एवढंच उरायचं, की मी मजेत आहे, तू तब्येतीला जप. तेवढं तर मी फोनवरही सांगते. तुझ्या टाइपरायटरवर चुकलेलं अक्षर निदान कागदावर दिसत तरी राहायचं. म्हणून पेन घेतलंय. खाडाखोड दिसेल ती तशीच वाच.

आधी माझ्या ऑफिसाबद्दल. नोकरी मी सोडली नव्हती. आमचा अख्खा विभागच कंपनीनं एका दुपारी बंद केला. आम्ही नऊ जण होतो. घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचो. मिक्सर कसा जोडायचा, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये पाणी का साठतं, असलं सगळं. आमची लेक लिहिते आणि लोक ते न वाचताच मशीन सुरू करतात, असं तू मैत्रिणींना सांगायचीस आणि वर हसायचीस. त्या दुपारी मी माझा कप आणि दोन शब्दकोश पिशवीत भरून बाहेर पडले आणि संध्याकाळी तुला फोनवर सांगितलं, की मी स्वतःचं काम सुरू करतेय. अगदीच खोटं नव्हतं ते. पण काढून टाकलं म्हणून सुरू करणं आणि मनात आलं म्हणून सुरू करणं, यांत फरक असतो. तेवढा मी गाळला. तुझ्या क्लासमधून चौतीस वर्षांत किती मुलंमुली नोकरीला लागली. टायपिंगच्या बाईंच्या स्वतःच्या मुलीची नोकरी गेली, हे माझ्या तोंडातून निघेना.

पहिला दीड महिना मी घरीच काम केलं. शेजारीण येताजाता बेल वाजवायची आणि तिची पार्सलं माझ्याकडे ठेवून जायची, कारण मी काय, घरीच असते. वरच्या मजल्यावर फरशा बदलत होते. तेही एक वेळ चाललं असतं. पण एका गुरुवारी दुकानदाराशी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, आणि लक्षात आलं, की सोमवारपासून मी कुणाशी एक शब्दही बोललेले नाही. त्याच आठवड्यात मी ही जागा शोधली.

तिला कोवर्किंग स्पेस म्हणतात. आता ती म्हणजे काय, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे, कदाचित जास्तच. तरी मी सांगणार आहे. कारण ते तुला समजावून सांगायचं काम माझं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कुणीतरी केलं.

एका मोठ्या इमारतीचा तिसरा मजला. लांबलचक टेबलं, त्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या. घरी काम होत नाही आणि स्वतःचं ऑफिस घेणं झेपत नाही, अशा माणसांनी इथे यायचं. काहींनी एका दिवसापुरतं, काहींनी महिनोन्‌महिने. बहुतेक खुर्च्या फिरत्या, म्हणजे सकाळी जी रिकामी दिसेल तिच्यावर बसायचं आणि संध्याकाळी उठताना सगळं आवरून न्यायचं. थोडं जास्त भाडं दिलं की ठरलेली खुर्ची मिळते आणि किल्लीचं एक छोटं कपाट. माझी ती तशी आहे, प्रिंटरच्या बाजूच्या कोपऱ्यात. फोनवर बोलायला दोन उभी काचेची खोकी आहेत. त्यांत शिरून माणूस हातवारे करत बोलतो तेव्हा बाहेरून तो पाण्यातल्या माशासारखा दिसतो. दोन्ही कानांवर हेडफोन असले तर त्याच्याशी बोलायचं नाही, एक कान मोकळा असला तर चालतं. पाहुणे आले तर काचेची एक मोठी खोली तासावर घ्यायची. आणि चहाचा कप ज्याचा त्यानं विसळायचा. या शेवटच्या नियमावरून तिथे जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नाहीत.

या सगळ्यावर लक्ष ठेवतात त्यांना आम्ही मॉनिटरबाई म्हणतो. कप न विसळणाऱ्यांची नावं त्या फळ्यावर लिहितात, म्हणून. पूर्वी त्या इस्पितळात नर्स होत्या. अजूनही पावलांचा आवाज न करता चालतात आणि कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की न विचारता पाण्याची बाटली समोर ठेवून पुढे जातात. नवीन माणूस आला की त्याला सगळा मजला फिरवून दाखवणं, ही कल्पना काय आहे ते समजावणं, हे त्यांचंच काम.

तर आई, तिथे माझ्या हाताखाली कुणी नाही. कधीच नव्हतं. मी तिथे गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुला एक फोटो पाठवला होता, आठवतो? माझ्या खुर्चीतून काढलेला, सगळ्यांच्या पाठी दिसतात तो. तू लगेच फोन केलास. फोटोतली माणसं मोजून काढली होतीस. चौदा माणसं आहेत का गं तुझ्याकडे, असं विचारलंस, आणि तुझ्या आवाजात असं काही होतं, की मी हो म्हटलं. एवढंच. रचून, ठरवून मी काही बोलले नाही. त्या चौदांतला एक जण नकाशे काढतो, एक जण घटस्फोटांचे खटले चालवणारा वकील आहे, एक बाई परक्या भाषेतली पत्रं वाचून देतात. त्यांतल्या निम्म्यांशी मी तेव्हा बोललेसुद्धा नव्हते. पण दुसऱ्या दिवशी मावशीचा अभिनंदनाचा फोन आला, मग तुझ्या जुन्या विद्यार्थिनींचा, आणि माघारी फिरायची वाट बंद झाली.

दुसरं हो मी पंपवाल्या बाईंपाशी म्हटलं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीतल्या त्या मोठ्या अधिकारी. त्यांच्या सगळ्या पंपांच्या पुस्तिका नव्यानं लिहायच्या होत्या, वर्षभराचं काम. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा मजल्यावरून नजर फिरवून म्हणाल्या, बरीच मोठी टीम आहे तुमची. मी हसून मान हलवली.

आता तो मंगळवार. तू डोळे तपासायला शहरात येणार होतीस. संध्याकाळी पाचला बसस्टँडवर भेटायचं आपलं ठरलं होतं. ऑफिसात येऊ नकोस, आज फार गडबड आहे, असं मी तुला दोनदा बजावलं होतं. दुपारी दोनला मी काचेच्या खोलीत पंपवाल्या बाईंसमोर बसले होते आणि सहज मान वर केली, तर तू दारात उभी. एका हातात फुगलेली कापडी पिशवी, दुसऱ्या हातात डॉक्टरांचा कागद, पायांत ते करडे बूट, ज्यांचा तळ तू तीनदा चिकटवून घेतलायस. मॉनिटरबाईंना काहीतरी विचारत होतीस आणि क्लासमध्ये बारा मशीनांच्या खडखडाटावर चढवायची सवय असलेला तुझा आवाज काचेतून आत येत होता. ‘माझ्या’ एवढा शब्द मला ऐकू आला. त्याच्या पुढचा यायच्या आत मी उठले.

पंपवाल्या बाईंनीही वळून पाहिलं. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दार उघडलं आणि तुझ्याकडे न बघता मॉनिटरबाईंना म्हणाले, “त्या जागा बघायला आल्यात. नवीन आहेत. जरा त्यांना सगळं समजावून सांगाल?”

कुणी पढवल्यासारखं, एका दमात बोलले. मग मात्र तुझ्याकडे बघावंच लागलं. क्लासमध्ये एखादी मुलगी बोटांकडे बघून टाइप करताना सापडली की तू लगेच ओरडायची नाहीस. आधी क्षणभर थांबून खात्री करून घ्यायचीस. तशीच थांबलीस. मग मॉनिटरबाईंकडे वळून म्हणालीस, “हो. जागा बघायला आलेय. मला यातलं काहीच कळत नाही, पहिल्यापासून सांगा.”

नंतर मी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. त्या बाईंसमोर माझं खोटं उघडं पडलं असतं, वर्षाचं काम हातचं गेलं असतं, वगैरे. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. मी तुझे बूट पाहिले होते. तुझा आवाज ऐकला होता. रेशमी स्कार्फ घातलेल्या त्या बाईंशेजारी तू पिशवी मांडीवर घेऊन बसली आहेस, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला ते नको झालं. हे लिहिताना माझे कान तापलेत. पण हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

घाईत दार मी नीट लावलं नव्हतं. पंपवाल्या बाई त्यांच्या कागदांत बघून बोलत होत्या आणि फटीतून मला तुम्हा दोघींचं सगळं ऐकू येत होतं. मॉनिटरबाई नेहमीचं सांगत होत्या, की टेबल, खुर्ची, वीज, इंटरनेट जागेचं आणि काम ज्याचं त्याचं. तू पिशवीतून वही काढलीस आणि भराभर शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायला लागलीस. मॉनिटरबाई थांबून बघतच राहिल्या. अशी नोंद घेणारी नवीन बाई त्यांना कधी भेटली नव्हती. तू विचारलंस, आज इथे बसणारा माणूस उद्या तिथे बसला तर त्याचं टपाल कुणाकडे येतं. एखादा मोठ्यानं बोलत असेल तर त्याला कोण सांगतं. दोन दिवस कुणी आलंच नाही तर कुणाच्या लक्षात येतं का. मॉनिटरबाई म्हणाल्या, माझ्या येतं. मग तू विचारलंस, म्हणजे इतकी माणसं एका खोलीत बसतात, पण एकमेकांची कुणीच नसतात का. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी पाठ करून ठेवल्यासारखं आठवतं. “सुरुवातीला नसतात,” त्या म्हणाल्या.

नंतर तू आवाज खाली आणलास. आजवर मी तुझा एवढा हळू आवाज ऐकला नव्हता. तू विचारलंस, आणि कुणाचं काम बंद पडलं, तर. मॉनिटरबाईंनी अगदी सरळ सांगितलं, की तरीही ती माणसं येत राहतात. काहींनी घरी सांगितलेलं नसतं. सकाळी वेळेवर येतात, स्क्रीन उघडून बसतात. आपण विचारायचं नाही, खुर्ची द्यायची. आणि मग माझ्या काचेकडे हात करून त्या कौतुकानंच म्हणाल्या, “त्या मॅडमचंच बघा ना. एकट्या आल्या, अजून एकट्याच आहेत. तो कोपरा त्यांचा. पण नेटानं करतात हो.”

तू कोपऱ्याकडे बघितलंस. मग हळूहळू चालत तिथे गेलीस. माझा स्वेटर खुर्चीवर होता, तो तू ओळखला असशील, तूच विणलेला. मला पंपवाल्या बाईंच्या डोक्यावरून दिसत होतं. तू खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलीस, टेबलाची उंची डोळ्यांनी मापलीस आणि मॉनिटरबाईंना काहीतरी म्हणालीस. तेवढ्यात पंपवाल्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि मला वळावं लागलं.

जाताना तुला काचेच्या खोलीवरूनच जावं लागणार होतं. दार अर्धवट उघडं बघून तू थांबलीस. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटलं. तू पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतलीस आणि म्हणालीस, “येते, मॅडम. तुम्ही कामात होता, त्रास दिला.”

तू मला तुम्ही म्हणालीस. मी “नाही, नाही” असं काहीतरी पुटपुटले. तू गेल्यावर पंपवाल्या बाई म्हणाल्या, या वयात या इथे येऊन काय करणार असतील. चेष्टेनं म्हणाल्या. आणि आई, मी हसले.

मीटिंग संपवून मी कोपऱ्यात आले तर माझा स्क्रीन चार बोटं वर आला होता. त्याच्याखाली कोऱ्या कागदांची दोन जाड पुडकी नीट, काटकोनात ठेवलेली. मॉनिटरबाई म्हणाल्या, त्या बाईंनी मागून घेतली. म्हणाल्या, स्क्रीन फार खाली आहे, हिची मान दुखत असेल. माझी मान खरंच दुखायची. पाचला बसस्टँडवर आले तर तू साडेतीनच्या बसनं निघून गेली होतीस. फोन केला तर तुझा आवाज रोजचाच. डोळे ठीक आहेत, नंबर थोडा वाढलाय, उगाच कशाला ताटकळत बसू, म्हणून निघाले. तिसऱ्या मजल्याबद्दल तू काही बोलली नाहीस. मीही नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्टँडवरच्या बाकावर बसून होते. बसमध्ये चढून तुझ्यामागे यावं, एवढं साधं मला सुचलं नाही. खरं तर सुचलं. मी उठले नाही.

चार दिवसांनी मावशीचा फोन आला. बोलता बोलता तिनं विचारलं, क्लास बंद झाल्यावर ताईला घरात करमतं का गं. मला काही कळेना. मग तिच्याच बोलण्यातून कळलं, की त्या मंगळवारच्या आदल्या शनिवारी तुझी शेवटची विद्यार्थिनी परीक्षा देऊन गेली आणि तू मशीनं देऊन टाकलीस. हे मला फोनवर सांगायचं नव्हतं तुला. समोर बसून सांगायचं होतं, म्हणून तू संध्याकाळपर्यंत न थांबता थेट ऑफिसात आली होतीस. मावशी पुढे म्हणाली, तुझं ऑफिस बघून फार खूश होऊन आली हो ती. सगळं फिरवून दाखवलंस, नीट समजावून सांगितलंस म्हणाली. तिकडे मावशी वाट बघत होती आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं. हो.

तेव्हापासून मी घरी आलेले नाही. कामं होती, हे तुला सांगत आले. कामं होतीच, पण आपल्या घरी यायला चार तास लागतात आणि अकरा महिन्यांत चार तास निघत नाहीत असं कुणाचंच काम नसतं. तू क्लास बंद झाल्याचं नंतर फोनवर सांगितलंस तेव्हा मी नव्यानं ऐकतेय असं दाखवलं, आणि मी दाखवतेय हे तुला कळलं, आणि तू ते चालवून घेतलंस. आपले फोन आखूड होत गेले. पंपवाल्या बाईंना मी दोन महिन्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मला अंदाज होताच, काम चांगलं आहे, मग काय बिघडलं. म्हणजे ज्यासाठी तुला परकं केलं, त्याची मुळात गरजच नव्हती.

मध्यंतरी मॉनिटरबाईंना कुणाचे तरी फोन यायला लागले. दर पंधरा दिवसांनी, साधारण अकराच्या सुमाराला. त्या हसत हसत बराच वेळ बोलायच्या. मोठ्यानं बोलणाऱ्याला वेगळं टेबल द्या, नियम तीनच ठेवा, जास्त ठेवले की कुणी पाळत नाही, असं काही काही सांगायच्या. मी दहा पावलांवर बसून ऐकायचे आणि मला कधी शंकाही आली नाही. मग गेल्या बुधवारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, तुम्हाला त्या टायपिंगच्या बाई आठवतात? वर्षभरापूर्वी जागा बघायला आल्या होत्या त्या? त्यांनी त्यांच्या क्लासच्या खोलीत असंच सुरू केलंय.

मग त्या उभ्या उभ्या सांगत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. तुझी बारा टेबलं तशीच आहेत. घरांचे आराखडे काढणारा एक जण येतो. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणाऱ्या दोघी बहिणी येतात. घरी टीव्हीच्या आवाजात काही सुचत नाही, म्हणून निवृत्त पोस्टमास्तर आठवणी लिहायला येतात आणि दोन पानं झाली की तासभर झोपतात. बियाणं विकणारा एक जण फक्त दुपारी येतो. नवीन कुणी आलं की तू त्याला आधी सगळी खोली फिरवून दाखवतेस, मग बसवतेस आणि पाठ ताठ ठेवायला लावतेस. आजूबाजूच्या गावांतून लोक विचारायला यायला लागलेत. त्यांना ही कल्पना एकदा नीट समजावून सांगायची म्हणून येत्या रविवारी तू सगळ्यांना बोलावलं आहेस आणि मॉनिटरबाईंना बोलायला. हे सगळं सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. माझ्यामुळे झालं म्हणतात हो त्या, असं म्हणाल्या.

आणि मग त्यांनी मला काम सांगितलं. तुम्ही पुस्तिका लिहिता, तर त्या बाईंच्या खोलीसाठी एक पानभर माहिती लिहून द्याल का, नवीन येणाऱ्यांनी वाचावी अशी. मी हो म्हटलं. हे हो चांगलं होतं, असं वाटून संध्याकाळी लिहायला बसले. अशी पानं मी डोळे मिटून लिहिते. पहिलं वाक्य नेहमी सगळ्यात सोपं ठेवायचं असतं. मी लिहिलं: इथे कुणीही यावं. आणि त्यापुढे मला एक अक्षर लिहिता येईना. तो कागद घेऊन मी तशीच मॉनिटरबाईंकडे गेले. त्या कप मोजत होत्या.

“त्या बाई माझी आई आहेत,” मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं; मंगळवार, काचेची खोली, चौदा माणसं, सगळं. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा त्यांच्या सवयीप्रमाणे पाण्याची बाटली पुढे करतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, “इतके महिने त्या माझ्याशी बोलतायत. एकदाही म्हणाल्या नाहीत, की माझी मुलगी तिथेच बसते.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “त्या दिवशी मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दिवसाला पाच माणसं जागा बघायला येतात, कुणाकुणाला विचारणार. तुम्ही सांगितलं असतंत तर बसवलं असतं हो मी त्यांना.”

आई, तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी तू तहानलेली होतीस की नाही, जेवली होतीस की नाही, हेही मला माहीत नाही. चार तासांचा प्रवास, डॉक्टरांकडची रांग, तीन जिने. लिफ्ट तेव्हा बंद होती. मी तुला खुर्ची दिली नाही, आणि खोलीभर खुर्च्या होत्या.

मी इथे माफी मागत नाहीये. कागदावर मागितलेली माफी तुला फार सोपी वाटेल, आणि ती तशी असेलही. सांगायचं आहे ते वेगळं. रविवारी मॉनिटरबाईंबरोबर मीही यायचं म्हणतेय. तू त्यांना बोलावलंयस, मला नाही. न कळवता आले असते तर मला दारात बघून तुला एका क्षणात ठरवावं लागलं असतं, की हिला ओळख द्यायची की नाही. आणि माझी अब्रू राखायला तू पुन्हा अनोळखी झाली असतीस, याची मला खात्री आहे. ते काम तुझ्या वाट्याला दुसऱ्यांदा येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. आज सोमवार आहे, कुरिअरनं पाठवतेय, बुधवारी मिळेल. मी यायला नको असेल तर शुक्रवारपर्यंत मावशीकडे निरोप ठेव. मी येणार नाही आणि त्याबद्दल तुला कधी विचारणारही नाही. निरोप आला नाही तर मी येईन. तू काहीच करू नकोस, कुणाला काही सांगू नकोस. त्या सगळ्या नवीन माणसांच्या देखत मी आत येईन आणि तुला आई म्हणून हाक मारीन. तू ओ दिलीस, तर पुढचं बोलू.

तुझीच,
लेक